फवारणी, पुरुषांचं वंध्यत्व आणि अँटिऑक्सिडंट: एका संशोधनविषयाचा इतिहास

आमच्या हिंगोलीकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. ‘औषध’ म्हणतात. कापसावर औषध मारायचं, सोयाबीनला औषध द्यायचं, दुकानातून औषध आणायचं. शब्दच असा आहे की पाठीवर पंप घेऊन दिवसभर त्या तुषारात चालणाऱ्या माणसाला आपण विषाजवळ आहोत असं वाटत नाही.

दुसरा शब्द बघा. मूल न होणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे ‘वांझ’ हा शब्द तयार आहे. पुरुषासाठी तसा रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणतात, पण त्याचा अर्थ वेगळा. शरीरसंबंधाची क्षमता असणं आणि वीर्यात पुरेसे, हालचाल करणारे शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पूर्ण शाबूत असून दुसरी शून्य असू शकते. शब्द नाही, म्हणून शंकाही येत नाही. जोडप्याला मूल होत नसलं की आधी सुनेला नांदेडला किंवा परभणीला दाखवायला नेतात. मुलाच्या वीर्यतपासणीचा विषय निघालाच तर सगळ्यात शेवटी.

हे दोन शब्द आज एकत्र आणायचं कारण असं. प्राणिशास्त्र आणि जीवरसायनशास्त्रात पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांमध्ये एक विषय फार चालतो: ‘अमुक कीटकनाशकाचा अल्बिनो रॅटच्या वृषणावर होणारा परिणाम आणि अमुक अँटिऑक्सिडंटचं संरक्षण’. अमुकच्या जागी जीवनसत्त्व सी, ई, हळद, आवळा, शेवगा, काहीही बसतं. विषय वाईट नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत झेपण्यासारखा आहे. पण तो कुठून आला हे माहीत नसेल, तर आपण नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय हेच कळत नाही. हा इतिहास दोन वेगळ्या प्रवाहांचा आहे. ते बराच काळ एकमेकांना न भेटता वाहिले.

पहिला प्रवाह: नुकसान कुणाला दिसलं?

डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्युलरनं शोधला आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी नोंद छापून आली: विमानातून डीडीटी फवारणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणू कमी दिसतात. १९५० मध्ये बर्लिंग्टन आणि लिंडमन या दोघांनी कोंबड्याच्या पिल्लांना डीडीटी दिलं. नर पिल्लांचे वृषण खूपच लहान राहिले, तुरेसुद्धा नीट वाढले नाहीत. म्हणजे पहिली खूण डीडीटीच्या अगदी भरभराटीच्या काळातच मिळाली होती. पण तो काळ मलेरिया हटवण्याचा होता. एवढ्या उपयोगी पदार्थाबद्दल असली शंका कोण लांबवर नेणार?

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची घटना १९७७ ची, कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावची. तिथल्या ऑक्सिडेंटल केमिकल कंपनीच्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं रसायन हाताळलं जाई. काटेकोर बोलायचं तर ते कीटकनाशक नाही, सूत्रकृमिनाशक आहे. जमिनीतल्या बारीक कृमींसाठी वापरत. कारखान्यातले कामगार आपसात बोलताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुलं होत नाहीत. त्यांनीच तपासणीची मागणी लावून धरली. डोनाल्ड व्हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी नसबंदी न झालेल्या २५ पुरुषांची तपासणी केली. त्यातल्या ११ जणांचे शुक्राणू दर मिलिलिटरला १० लाखांच्याही खाली होते. नऊ जणांत तर एकही शुक्राणू नव्हता. ज्यांचे आकडे पडले होते त्यांनी सरासरी ८ वर्षं त्या विभागात काम केलेलं. ज्यांचे चांगले होते त्यांचं काम जेमतेम महिनाभराचं.

यातली बोचणारी गोष्ट पुढे आहे. डीबीसीपीमुळे प्राण्यांचे वृषण आक्रसतात हे दाखवणारे प्रयोग १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते. प्रयोगशाळेतली माहिती सोळा वर्षं छापील पानांवर पडून होती आणि तेवढा काळ कामगार त्या हवेत श्वास घेत होते. रॅटमध्ये दिसलेली गोष्ट माणसात शोधायची असते, हे काम कुणी अंगावर घेतलं नाही. शेवटी विचारलं ते कामगारांनी, एकमेकांना.

मग उपाय काय झाला? वापरावर बंदी. अमेरिकेत १९७९ मध्ये हवाईतल्या अननसाचा अपवाद सोडून जवळपास सगळे वापर बंद झाले, भारतात १९८९ मध्ये बंदी आली. काम थांबल्यावर काही जणांचे शुक्राणू परतले. ज्यांचे शून्यावर गेले होते त्यातल्या अनेकांचे परतले नाहीत.

आपल्याकडे काय घडलं?

१९५८ मध्ये केरळात पॅरॅथिऑन मिसळलेलं पीठ खाऊन १०० हून जास्त माणसं मेली. त्या धक्क्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. या जन्मकथेचा ठसा आजही आहे. आपल्या व्यवस्थेला तातडीची विषबाधा दिसते: उलटी, फेस, बाहुल्या आकसणं, मृत्यू. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोणसुद्धा एकदम पोटात किंवा अंगावर गेलं तर किती घातक, हेच सांगतो. दहा वर्षं थोडं थोडं श्वासात गेलं तर काय, ते त्या रंगात नाही.

तरी काही जणांनी तोही प्रश्न विचारला. हैदराबादच्या रूपा, रेड्डी आणि रेड्डी या संशोधकांनी १९९१ मध्ये कापसाच्या शेतात औषध कालवणाऱ्या-फवारणाऱ्या पुरुषांच्या सुमारे हजार जोडप्यांची माहिती गोळा केली आणि तेवढ्याच इतर जोडप्यांशी ताडून पाहिली. फवारणीवाल्यांच्या घरात जननक्षमता कमी आणि गर्भपात, मृतजन्म जास्त आढळले. हा अभ्यास मला फार आवडतो, कारण त्याचं मुख्य हत्यार म्हणजे नीट विचारलेले प्रश्न.

दुसरं उदाहरण केरळातल्या कासरगोडचं. तिथे काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं २००३ मध्ये तिथल्या ११७ मुलांची तुलना दूरच्या गावातल्या ९० मुलांशी केली. बागांजवळच्या मुलांमध्ये वयात येण्याच्या खुणा उशिरा दिसत होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली.

आणि तिसरं उदाहरण आपल्या शेजारचं. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी तिथे कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, २० हून जास्त माणसं गेली. कापूस डोक्याएवढा वाढलेला, त्यामुळे तुषार थेट तोंडावर. तोंडाला फार तर रुमाल. तेव्हा मृत्यू मोजले गेले, भरती झालेले मोजले गेले. जे वाचले आणि घरी आले त्यांच्या बाबतीत हिशोब तिथेच संपला. नदीच्या अलीकडे, कळमनुरी-सेनगावच्या रानातही तोच कापूस, तेच सोयाबीन आणि तेच पंप आहेत.

दुसरा प्रवाह: अँटिऑक्सिडंट

आता वेगळ्या दिशेनं येऊ. १९२२ मध्ये बर्कलीत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप रॅटच्या आहारावर काम करत होते. ठरावीक शुद्ध केलेला आहार दिला की रॅट धडधाकट दिसत, पण माद्यांचे गर्भ पोटातच विरून जात. गव्हाचा अंकुर किंवा लेट्यूसचा पाला दिला की पिल्लं होत. त्या अज्ञात घटकाला पुढे जीवनसत्त्व ई म्हणू लागले आणि १९३६ मध्ये तो वेगळा काढल्यावर ‘टोकोफेरॉल’ हे नाव मिळालं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘अपत्य धारण करणारं’ असा काहीसा होतो. म्हणजे हे जीवनसत्त्व सापडलंच मुळी वंध्यत्वातून.

नरांचं काय? कार्ल मेसननं १९२० च्या दशकातच दाखवलं की ई नसलेल्या आहारावर नराच्या वृषणातल्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशी झडून जातात. पण फरक असा की मादीला नंतर ई दिलं तर पुढची गर्भधारणा टिकते. नरात झालेलं नुकसान मात्र नंतर दिलेल्या ई नं भरून येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९४३ मध्ये जॉन मॅक्लिऑडनं मानवी शुक्राणू जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवले तर त्यांची हालचाल थांबते आणि कॅटॅलेज हे विकर घातलं तर वाचते, असं दाखवलं. कॅटॅलेज हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतं. म्हणजे शुक्राणू स्वतःच तयार केलेल्या पेरॉक्साइडनं मरत होते. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे आपलं नेहमीचं एसओडी, शोधलं. १९७९ मध्ये जोन्स, मान आणि शेरिन्स यांनी शुक्राणूच्या पटलातली मेदाम्लं कशी जळतात ते मांडलं. शुक्राणूचं पटल असंतृप्त मेदाम्लांनी भरलेलं असतं, म्हणून लवचिक, पण तितकंच लवकर खवट होणारं. शिवाय पेशीद्रव्य जवळपास नसल्यामुळे संरक्षक विकरांचा साठाही तोकडा. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस ओझं नको म्हणून शिदोरीच टाकून निघाला, तसं काहीसं.

१९९१ मध्ये फ्रागा, एम्स आणि सहकाऱ्यांनी एक छोटा पण स्पष्ट प्रयोग केला. पुरुषांच्या आहारातलं जीवनसत्त्व सी २५० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणल्यावर शुक्राणूंच्या डीएनएवरची ऑक्सिडेशनची इजा ९१ टक्के वाढली. सी परत वाढवल्यावर ती कमी झाली. ताटातलं अन्न थेट शुक्राणूच्या डीएनएपर्यंत पोचतं, याचा हा चांगला पुरावा.

दोन प्रवाह भेटतात

कीटकनाशकं वृषणात नेमकं काय करतात याचा शोध घेताना १९९० च्या दशकात हे दोन प्रवाह जुळले, आणि त्यात भारतीय प्रयोगशाळांचा मोठा वाटा आहे. पी. के. खान आणि एस. पी. सिन्हा यांनी १९९६ मध्ये माइसना एंडोसल्फान, फॉस्फामिडॉन आणि मॅन्कोझेब दिलं. सोबत जीवनसत्त्व सी दिल्यावर शुक्राणूंमधली विकृती कमी झाली. पाँडिचेरी विद्यापीठात पी. पी. माथूर यांच्या गटानं १९९९ पासून पुढे एंडोसल्फान, लिंडेन, मेथॉक्सिक्लोर यांच्यामुळे रॅटच्या वृषणातली अँटिऑक्सिडंट यंत्रणा कशी ढासळते हे एकेक करून दाखवलं.

इथून तो प्रसिद्ध चार गटांचा आराखडा रूढ झाला: एक साधा गट, एक कीटकनाशकाचा, एक अँटिऑक्सिडंटचा, एक दोन्हींचा. एमडीए वाढलं का, एसओडी-कॅटॅलेज-ग्लुटाथायोन घटलं का, शुक्राणूंची संख्या किती. आज याच आराखड्यावर शेकडो निबंध आहेत आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच: अँटिऑक्सिडंटनं संरक्षण दिलं.

हे निष्कर्ष खोटे नाहीत. त्यांनी एक गोष्ट पक्की केली: नुकसानीचा एक मोठा रस्ता ऑक्सिडेशनचा आहे. आराखडा याच प्रश्नासाठी योग्य होता. घोटाळा होतो तो शेवटच्या परिच्छेदात, जिथे ‘म्हणून शेतकऱ्यांनी आहारात अमुक घ्यावं’ असं वाक्य येतं. ते वाक्य लिहिण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, रॅट स्वतःच्या यकृतात जीवनसत्त्व सी बनवतो. माणूस बनवू शकत नाही. त्यामुळे रॅटला वरून दिलेलं सी आणि माणसाच्या ताटातलं सी यांची सरळ तुलना होत नाही.

दुसरी, काळ. रॅटमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५२ दिवस लागतात, माणसात सुमारे ७४. तुमचा प्रयोग १५ किंवा ३० दिवसांचा असेल तर तुम्ही एक पूर्ण चक्रसुद्धा पाहिलेलं नाही.

तिसरी, क्रम. बहुतेक प्रयोगांत अँटिऑक्सिडंट आधीपासून किंवा सोबत दिलं जातं. प्रत्यक्षात माणूस दवाखान्यात येतो तो दहा हंगाम फवारून झाल्यावर. मेसनचे नर आठवा.

चौथी, मात्रा. इथे आपल्या हळदीचा हिशोब करू. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, त्यामुळे आपल्याकडे कर्क्युमिनवर काम करावंसं वाटणं साहजिक आहे. समजा रॅटला दर किलो वजनाला १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं. माणसासाठी बदलताना रॅटचा आकडा ६.२ नं भागतात: साधारण १६ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ९७० मिलिग्रॅम. हळदीत कर्क्युमिन ३ टक्के धरलं तर रोज ३२ ग्रॅम हळद, म्हणजे जवळपास दहा चहाचे चमचे. रोज, न चुकता. वरणात आपण चिमूटभर घालतो. आणि कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी शोषलं जातं, ते वेगळंच.

अजून एक. हळदीच्या पिकावर कंदमाशी येते आणि तिच्यासाठी क्विनॉलफॉस मारलं जातं. तेसुद्धा ऑर्गॅनोफॉस्फेटच. म्हणजे संरक्षण म्हणून जी वस्तू सुचवायची, ती पिकवतानाही कुणाच्या तरी पाठीवर तोच पंप असतो.

माणसांवरच्या चाचण्या काय म्हणतात?

२०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन नीट आखलेल्या चाचण्यांचे निकाल आले. ‘मॉक्सी’ चाचणीत १७१ जोडपी होती. सी, ई, सेलेनियम वगैरे एकत्र दिलं, तरी शुक्राणूंची संख्या, हालचाल किंवा डीएनएची मोडतोड यांत फायदा दिसला नाही. दुसऱ्या चाचणीत २,३७० पुरुषांपैकी निम्म्यांना फॉलिक ॲसिड आणि जस्त सहा महिने दिलं. मूल झालेल्या जोडप्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं: ३४ आणि ३५ टक्के. हे पुरुष फवारणी करणारे नव्हते, म्हणून हे निकाल आपल्या प्रश्नावर जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण गोळीनं काम भागतं हा भरवसा मात्र त्यांनी कमी केला.

आणि २०१५ चा बोस्टनचा अभ्यास तर विचारात पाडतो. वंध्यत्व उपचार केंद्रात आलेल्या १५५ पुरुषांचा आहार तपासला. कीटकनाशकाचा अंश जास्त असलेली फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये, त्या सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा, एकूण शुक्राणू ४९ टक्के कमी होते. कमी अंश असलेल्या फळं-भाज्यांचं तसं नव्हतं. अँटिऑक्सिडंट ज्या भाजीतून यायचं त्याच भाजीतून विषही येत असेल, तर ‘भाज्या खा’ हा सल्ला अर्धाच राहतो. एका अभ्यासावरून कारण सिद्ध होत नाही, पण प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो.

मग विषय घ्यायचा की नाही?

जरूर घ्या. फक्त इतिहास काय सांगतो ते ध्यानात ठेवून. लॅथ्रॉपला पुरुष वाचले ते रसायन थांबल्यामुळे. कासरगोडला फवारणी थांबवावी लागली. चांगलं खाणं हवंच. ज्वारी, पालेभाजी, करडईचं तेल यांचं मोल वेगळं सांगायला नको. पण ताटाला मास्कचं काम सांगितलं की जबाबदारी हळूच सरकते: औषध विकणारा, परवाना देणारा, मजूर लावणारा मोकळा, आणि फवारणाऱ्यानं आपलं पथ्य पाळायचं. आपल्या प्रबंधातल्या एका निष्काळजी वाक्यानं हे घडू शकतं.

प्रयोगशाळेतच काम करणार असाल तर पूर्ण ५२ दिवसांचं चक्र घ्या, अँटिऑक्सिडंट नुकसानीनंतर देणारा एक गट ठेवा, आणि मात्रा माणसाच्या ताटात बसेल अशी निवडा. निकाल ‘संरक्षण नाही’ असा आला तरी तो छापण्यासारखा निकाल आहे.

आणि बाहेर पडायची तयारी असेल तर एक सोपं हत्यार आहे, ज्याला ना रॅट लागतात ना महागडं यंत्र. जोडप्याला विचारायचं: मूल हवं असं ठरवल्यापासून दिवस राहायला किती महिने लागले? त्या काळात घरातला पुरुष हंगामात किती दिवस फवारणीला जात होता, कोणतं औषध, कोणता पंप, तोंडाला काय? नैतिकता समितीची परवानगी, लेखी संमती आणि गुप्तता पाळून हे विचारायचं. तयार असेल त्याची वीर्यतपासणी आणि रक्तातलं कोलिनएस्टरेज, आणि निकाल आधी त्यालाच कळवायचा. प्रश्न पुरुषाला विचारायचा आहे, फक्त सुनेला नाही. गावात हे विचारणं अवघड जातं, मान्य. पण या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध कारखान्यातल्या कामगारांनी लावला, तो जेवणाच्या सुट्टीत करता येईल एवढ्या साध्या प्रश्नातून: तुला मूलबाळ आहे का रे?

आपल्या रानात तो प्रश्न अजून कुणी मोठ्यानं विचारलेला नाही. तुमच्या संशोधनाच्या आराखड्यात त्याला एक ओळ द्या.